बारा तासांची ड्युटी, पगार आणि सुट्टी: सोलापुरात घरी पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी एक कागद करू या का?

सातरस्ता (धागालेखक)

सोलापुरात घरी पेशंट सांभाळायला येणाऱ्या मावश्या, आया, ब्रदर यांचा पगार अजूनही फोनवर ठरतो. माणसं पुरवणारा ब्यूरो एक आकडा सांगतो, घरचे पन्नास-शंभर कमी करून घेतात आणि सकाळी आठला जी बाई दारात येते तिला यातलं काहीच माहीत नसतं. सुट्टी कोणत्या वारी, ती घेतली की खाडा धरणार का, पेशंट दवाखान्यात ॲडमिट झाला तर त्या दिवसांचं काय, हे कुणी बोलत नाही. वाद होतो महिनाअखेरीला आणि पैसे कापले जातात ते बाईचेच.

घर, ब्यूरो आणि काम करणारी व्यक्ती अशा तिघांच्या सह्यांचा एक पानी कागद आपण इथे मिळून तयार करावा असं मला वाटतं. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड भागातल्या सोसायट्यांमध्ये तो वाटता येईल. त्यात दर तासावर लिहावा असा माझा आग्रह आहे. 'दिवसाचे एवढे' म्हटलं की बाराचे तेरा-चौदा तास कधी होतात ते कळतही नाही. बदलीची बाई उशिरा आली की आधीची थांबते, आणि त्या वेळेचे पैसे ना घर देतं, ना ब्यूरो.

जाणकारांनी आकडे, कायदा, कामाचे बारकावे लिहावेत. घरचे किस्से आणि ब्यूरोंची नावं नकोत.

हिशेबनीस

आधी गणित मांडतो. समजण्यासाठी गोल आकडा घेतोय, हा सरकारी दर नाही: आठ तासांच्या कामाचं किमान वेतन महिना १३,००० धरा. २६ ने भागलं की दिवसाचे ५००. आठने भागलं की तासाचे ६२.५०. आठ तासांनंतरचा प्रत्येक तास दुप्पट दराने, म्हणजे १२५. बारा तासांत असे चार तास जास्तीचे, त्यांचे ५००. एकूण १०००. थोडक्यात, बारा तासांची एक ड्युटी म्हणजे दोन दिवसांचा पगार.

दुसरी गोष्ट, २६ की ३०. महिन्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी धरलेली असते, म्हणून भागायचं २६ ने. बऱ्याच ठिकाणी ३० ने भागतात आणि वर सुट्टीचा खाडाही धरतात. १३,००० ला ३० ने भागलं की ४३३ येतात. २६ दिवस भरले तर हातात साधारण ११,२६७. म्हणजे १,७३३ रुपये गेले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

खरा दर बघायचा तर कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर उद्योगनिहाय तक्ते असतात. मूळ वेतन अधिक विशेष भत्ता, दोन्ही मिळवून बघा. विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, त्यामुळे कागदावरचा दरही वर्षातून दोनदा तपासावा लागेल.

बाळीवेस

गणित बरोबर आहे, पण दिवस-रात्र दोन बायका ठेवल्या तर महिन्याला साठ हजार होतात की ओ. गिरणीतून रिटायर झालेल्या माणसाच्या किंवा मास्तरांच्या घरी हे कुठून येणार? असा कागद बघितला तर लोक सही करणार नाहीत, सरळ ओळखीतली बाई तोंडी ठरवतील. मग तिला आज मिळतं तेवढंही संरक्षण राहणार नाही.

कायदा_आणि_कामगार

बाळीवेस यांची काळजी खोटी नाही, पण कायदा कुणाला लागू आहे ते आधी वेगळं काढू.

घर ही आस्थापना धरली जात नाही. औद्योगिक संबंध संहितेत उद्योगाच्या व्याख्येतून घरगुती सेवा वगळलेली आहे. त्यामुळे घराने थेट ठेवलेल्या बाईसाठी कायद्याचा आधार तोकडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ च्या निकालात घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट कशी असावी हे तपासायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं ते यामुळेच. घरकामगारांबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १८९ हा २०११ चा, भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

ब्यूरोचं तसं नाही. तो धंदा आहे. माणसं तो पाठवतो, पगार तो वाटतो, कमिशन तो घेतो. चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत आणि वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता करायचा. पगार थकल्याचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. बाईने पावत्या जपून ठेवल्या नाहीत म्हणून तिचा दावा आपोआप पडत नाही, हे लक्षात ठेवा.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय (कामगार विमा): पगार २१,००० पर्यंत, मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. सोलापुरात कामगार विमा रुग्णालय आहे, तेव्हा कार्ड कामी येतं. वीस माणसांवर पीएफ. इथे पळवाट अशी की ब्यूरो ऑफिसातले तीन-चार जण दाखवतो आणि घरोघरी पाठवलेल्या पन्नास बायकांना 'स्वतंत्र' म्हणतो. म्हणून कागदावर 'ब्यूरोने पाठवलेली कर्मचारी' असे शब्द हवेत.

पूर्वभाग

चांगला धागा. साखर पेठ, दत्त नगर, अशोक चौक, विडी घरकुल या पट्ट्यातल्या किती बायका विड्या वळणं सोडून या कामाला आल्या ते बघा. तासन्‌तास मांडी घालून बसणं आणि तंबाखूची धूळ यापेक्षा पेशंटचं काम बरं वाटतं, रोजही जास्त दिसतो. पण विडी कामगारासाठी १९६६ पासून वेगळा कायदा होता (२०२५ मध्ये तो श्रमसंहितेत गेला), पीएफ आहे, ओळखपत्र आहे. तेच हात पेशंट सांभाळायला लागले की यातलं काहीच नाही. रोज वाढला आणि म्हातारपणची पुंजी गेली. पगार ठरवताना हा फरक कुणी मोजत नाही.

प्रवासाचंही लिहा. कुंभारीच्या घरकुलातून किंवा रे नगरातून जुळे सोलापूरला यायचं तर दोन वाहनं बदलावी लागतात. रात्री आठला ड्युटी संपली की बसचा भरवसा नसतो, शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. ड्युटी आठ ते आठऐवजी सात ते सात केली तरी निम्मा त्रास वाचतो. हिवाळ्यात तर नक्कीच.

पाणी_येणार_तो_दिवस

कामाच्या यादीत पहिलं लिहा: नळाला पाणी आलं की टाकी, बॅरल, हंडे भरणं हे पेशंटच्या मावशीचं काम नाही. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येतं आणि नेमकं त्या दिवशी पेशंट तासभर एकटा पडतो.

शेंगाचटणी

वरच्या प्रतिसादाला माझ्यातर्फे एक किलो शेंगाचटणी. त्यात एवढंच जोडा की पेशंटचे कपडे-चादरी धुणं तिचं, घरच्या सहा जणांचं धुणं नाही. पेशंटचं जेवण गरम करून भरवणं तिचं, घरचा स्वयंपाक नाही. घरकाम हवंच असेल तर त्याचे तास आणि पैसे वेगळे, तेही तिची तयारी असेल तरच.

रात्रपाळी_सिस्टर

कोण काय करू शकतं हे न लिहिता दर लिहिला तर गोंधळ होईल. नर्सिंगमध्ये एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. जनरल ड्युटी असिस्टंट हे काही महिन्यांचं प्रशिक्षण. आणि बहुतेक मावश्या कामावरच शिकलेल्या. ब्यूरो मात्र सगळ्यांना 'सिस्टर' म्हणून पाठवतो, घराकडून सिस्टरचे पैसे घेतो आणि बाईला आयाचे देतो.

अंघोळ, कूस बदलणं, डायपर, तोंडाची स्वच्छता, भरवणं, चालवणं, तोंडावाटे ठरलेली औषधं वेळेवर देणं, लघवीची पिशवी रिकामी करून मोजमाप लिहिणं, ही आयाची कामं. नाकातल्या नळीतून भरवणं शिकवल्यावर करता येतं, पण पद्धत पाळूनच: डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आधी नळीवरची खूण जागेवर आहे का ते बघायचं, आणि भरवल्यावर किमान अर्धा तास तसंच बसतं ठेवायचं. लगेच आडवं केलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि दोष तिच्यावर येतो. सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), शिरेतून इंजेक्शन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं ही नर्सचीच कामं. आयाने ती केली आणि काही बिघडलं तर ना घर पाठीशी उभं राहतं, ना ब्यूरो.

अजून एक गोष्ट जवळपास प्रत्येक घरात राहून जाते. हिपॅटायटिस बी ची लस: तीन डोस, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. हा खर्च ब्यूरोचा असला पाहिजे. साखर तपासायच्या सुया, इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या, टोपण परत लावायचं नाही. सुई टोचलीच तर जखम पिळायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि तडक सिव्हिल गाठायचं. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं जितकी लवकर तितकी उपयोगी, ७२ तासांनंतर देत नाहीत, आणि घ्यायची ती २८ दिवस. त्या दिवसाचा पगार कापायचा नाही हे कागदावरच असू द्या.

फिजिओ_विजापूररोड

पगाराइतकाच पाठीचा प्रश्न आहे. कंबर गेली की ही बाई कमाईतूनच उठते, आणि ती जाते ती पेशंटला ओढल्यामुळे. यातलं बरंचसं घराच्या हातात आहे.

घरातला दिवाण गुडघ्याइतका असतो. त्यावर वाकून दिवसातून वीस वेळा काम करणं म्हणजे दुखापतीला बोलावणं. भाड्याने हॉस्पिटल कॉट घ्या, किंवा चारही पायांखाली रुंद, खाच असलेले लाकडी ठोकळे घालून गादी बाईच्या कमरेइतकी उंच करा. विटा घालू नका, सरकतात. चाकं असतील तर ब्रेक लावल्याशिवाय हात लावायचा नाही. पेशंटच्या खाली खांद्यापासून मांडीपर्यंत दुहेरी सुती चादर आडवी घालून ठेवा. वर सरकवताना दोघांनी दोन्ही कडांनी ती धरून सरकवायचं. आपली सोलापुरी चादर या कामाला नको, जाड विणीमुळे कातडी सोलते. एकटीला कूस बदलायची असेल तर पेशंटचा पलीकडचा गुडघा उभा करायचा, पलीकडचा हात छातीवर घ्यायचा आणि खांदा व कंबर धरून स्वतःकडे वळवायचं. लकव्याच्या पेशंटला काखेत हात घालून कधीच उचलायचं नाही, खांदा निखळतो. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची.

पेशंट वजनदार असेल किंवा अजिबात जोर देत नसेल तर उचलायच्या वेळी घरातला दुसरा माणूस हजर राहील, अशी ओळ कागदावर हवी. बहुतेक घरांत दुसरा माणूस असतो, फक्त तो उठत नाही.

बाळीवेस

वरचे सगळे मुद्दे मान्य. माझा प्रश्न पैशांचा होता, तो राहिला. तास कमी करून दर पूर्ण दिला तर? पडून असलेल्या पण तब्येत स्थिर असलेल्या पेशंटचं मुख्य काम सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ असतं. सात तास होतात. हिशेबनीस यांच्या उदाहरणातल्या दराने ४३७.५०.

पूर्वभाग

तिला दोनदा यावं लागतं ना. मधले सात तास ना घरी ना कामावर. दोनदा जायचं तर रिक्षाही दोनदा. ४३७ मधले शंभर तिथेच गेले तर काय उरलं? एकाच सोसायटीत दोन पेशंट असतील आणि मधल्या वेळेत ती दुसरीकडे काम करणार असेल तर जमेल. नाहीतर सलग आठ तास ठेवा.

रात्रपाळी_सिस्टर

आणि रात्रीचं काय? दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. हवेची गादी घेतली म्हणून ते थांबत नाही, जखमा व्हायला लागणारा वेळ थोडा वाढतो इतकंच. रात्री घरच्यांनी वाटून घेतलं तर बाळीवेस म्हणतात ते शक्य आहे. आधी माकडहाड, टाचा, कानाची पाळी बघायला शिका.

हिशेबनीस

चोवीस तासांच्या ड्युटीवर स्वतंत्र बोलायला हवं. आठवड्याचे तास १६८. ४८ तासांच्या आठवड्याने भागले की साडेतीन माणसं लागतात. आपल्याकडे ते एका बाईवर चालतं. तासावर मोजला तर सगळ्यांत कमी पगार तिचाच, कारण चोवीसचा दर बाराच्या दुप्पट कुणीच देत नाही.

निदान दोन बायका आणि एक रिलिव्हर हे किमान असावं. दोघी आठवड्याला सहा-सहा ड्युट्या करतील, प्रत्येकी ७२ तास. त्यांच्या दोन सुट्ट्यांच्या ड्युट्या रिलिव्हर करेल, २४ तास. ७२ हेही जास्तच आहेत, पण सुट्टी खरी मिळते. रिलिव्हरचं नाव आधीच ठरलेलं हवं. 'बघू' म्हटलं की त्या आठवड्याची सुट्टी रद्द. आणि जिथे खरंच एकटी बाई राहते तिथे सलग आठ तास झोप, पेशंटच्या खाटेखाली नव्हे तर वेगळी जागा, आणि रात्री उठावं लागलं तर त्या तासांची नोंद हजेरी वहीत.

ब्यूरो_चालवतो

ब्यूरोची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. पोलीस पडताळणी, ऐनवेळी बदली माणूस पाठवणं, घराने पैसे थकवले तरी बाईला द्यावे लागणं, हे खर्च आहेत. पंधरा दिवसांनी घरवाले बाईशी परस्पर ठरवतात आणि ब्यूरो बाद. म्हणून काही जण पहिले पंधरा दिवस अडकवून ठेवतात.

कायदा_आणि_कामगार

घर पळवेल या भीतीपोटी बाईचा पगार का अडकवायचा? घराकडून परतीच्या बोलीने डिपॉझिट घ्या, थेट नेमणूक केली तर ठरावीक शुल्क लावा. तो करार तुमचा आणि घराचा. बाईचं मूळ आधार कार्ड किंवा शाळेचा दाखला ठेवून घेणंही बंद व्हायला हवं, झेरॉक्स पुरते. उचल दिली असेल तर किती दिली, दरमहा किती कापणार, हे तिच्या वहीत लिहून द्या.

हिशेबनीस

आणि पावतीवर दोन आकडे: घराने किती दिले, बाईला किती मिळाले. पुन्हा उदाहरणच, घर रोज ८०० देतं आणि तिला ५५० मिळतात. मधले २५० म्हणजे ३१.२५ टक्के. पहिल्या महिन्यात माणूस शोधून देण्याचं काम असतं, तेव्हा समजू शकतो. तीच बाई त्याच घरी दोन वर्षं असेल तर दरमहा तेवढाच वाटा कशाचा? दर सहा महिन्यांनी कमिशन उतरतं ठेवा आणि उतरलेली रक्कम तिच्या दरात घाला. घराचा खर्च तेवढाच राहतो, बाळीवेस.

नवीपेठ

नोंदणीचं कुणी लिहिलं नाही. ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची केंद्राची नोंदणी: वय १६ ते ५९, फुकट, आधारला मोबाइल जोडलेला असेल तर घरच्या घरी होते. पीएफ किंवा ईएसआय असेल तर नाही. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाची नोंदणी १८ ते ६० वयात, सहायक कामगार आयुक्त कार्यालयात. तिथे काम देणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं आणि गाडी तिथेच अडते. घर म्हणतं ब्यूरोकडून घ्या, ब्यूरो म्हणतो घराकडून. आपल्या कागदातच तो मजकूर घातला तर एका सहीत काम होईल.

बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघाताला दोन लाख. जीवनज्योती ४३६ रुपये, वय ५० पर्यंत. दोन्ही मिळून ४५६. हे घराने भरावेत, डायपरच्या खर्चापुढे वर्षाचे ४५६ काहीच नाहीत. श्रमयोगी मानधन या पेन्शन योजनेला चाळिशीची अट आहे, त्यामुळे निम्म्या मावश्यांना ती दारंच बंद.

होटगीरोडकर

एक नाजूक पण गरजेचा मुद्दा. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करता येते. पेशंट पुरुष असेल, डोक्यावर परिणाम झालेला असेल, तर घरच्यांनी आधी सांगावं आणि अंघोळीच्या वेळी घरातलं कुणीतरी हजर राहावं, किंवा ब्रदर घ्यावा. 'आजारी माणूस आहे, समजून घे' हे उत्तर नव्हे.

वेगळा कप, वेगळं ताट, संडास वापरू न देणं, हेही थांबवायला हवं. जिने वडिलांचं अंग पुसलं तिच्या हातचा कप बाटतो कसा? हे कागदावर लिहा: स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, उन्हाळ्यात पेशंटच्या खोलीतला कूलर, बसून जेवायला अर्धा तास.

सातरस्ता (धागालेखक)

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर परत येतो. आतापर्यंतचा मसुदा असा:

"ड्युटी सकाळी ७ ते संध्याकाळी ७. दर ताशी ___ रु., आठ तासांनंतर दुप्पट. बदली उशिरा आल्यास जादा वेळ अर्ध्या तासाच्या पटीत वर मोजला जाईल. सुट्टी दर ___वारी, पगारी, रिलिव्हर ___. पगार ७ तारखेच्या आत बँक खात्यात. पावतीवर घराने दिलेली आणि कर्मचाऱ्याला मिळालेली रक्कम दोन्ही. कामं: मागे जोडलेल्या यादीप्रमाणे. उचलताना दुसरा माणूस: ___. लस आणि हातमोजे: ब्यूरो. विम्याचे ४५६ रु.: घर. पेशंट दवाखान्यात असेल तर पहिले सात दिवस पूर्ण, पुढे निम्मा पगार, किंवा तिथे ड्युटी. पेशंट दगावल्यास किंवा काम बंद केल्यास १५ दिवसांचा पगार."

शेवटचं वाक्य मी जोडलं आहे. माणूस गेला की त्याच दिवशी तिचंही काम जातं, आणि तेराव्यापर्यंत हिशेबाचं कुणाला सुचत नाही.

ब्यूरो_चालवतो

पंधरा दिवसांचं मान्य, घराकडून घेतलेल्या डिपॉझिटमधूनच देता येईल. दोन आकड्यांच्या पावतीला बाकीचे ब्यूरो तयार होणार नाहीत.

हिशेबनीस

तुम्ही सुरू करा. सोसायट्या पावती मागायला लागल्या की बाकीचे देतील. बिल घराच्याच नावाने निघतं, मागायचा हक्क घराचा आहे.

बाळीवेस

दवाखान्याच्या सात दिवसांवर माझा अजून आक्षेप आहे, तेव्हा घराकडे पैसे नसतातच. तीन पूर्ण, पुढे निम्मे असं करा. बाकी कागदावर मी सही करेन.

पूर्वभाग

मसुदा मोठ्या अक्षरात छापा आणि तेलुगू, कन्नड, उर्दूतही काढा. सही करणारीला तो स्वतः वाचता आला पाहिजे. तेलुगू मी रविवारपर्यंत करून देतो. कन्नड कोण करतंय?

पाणी_येणार_तो_दिवस

कन्नड माझ्याकडे. कामांची यादी आधी नक्की करा, हंड्यांसकट.